भुतांच्या प्रेमकथा आणि लेखणीची मजुरी



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आमच्या युनियनमधील दोघा-तिघांनी आम्हांला रस्त्यात गाठले. किमान वेतन, बोनस आणि ग्रॅच्युइटी यांखेरीज तोंडातून दुसरा शब्द न काढणारा माणूस एकदम भुतांच्या प्रेमकथांवर कसा बोलू लागला, असा त्यांचा सवाल होता. एकाने तर तब्येतीची चौकशी केली. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, येऊन ऐका. विषय मजुरीचाच आहे.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहताना. तेव्हा साहित्यशास्त्राची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, हे आम्ही धरून चालतो. कोणी काम केले, नाव कोणाचे लागले आणि पैसे कोणाच्या खात्यावर गेले, एवढे तीन प्रश्न आम्हांला विचारता येतात. तेच आज आम्ही या कथांना विचारणार आहोत.

हे प्रश्न आम्हांला सुचले ते आमच्या स्वतःच्या चुकीमुळे. आमच्या कचेरीत विडी कामगार बायांचे अर्ज लिहून देणारी एक मुलगी आहे. आई विड्या वळते, लेक बी. ए. झालेली. तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी मिळून भुताखेतांच्या प्रेमकथा लिहिल्या. एकीच्या कथेत पुरात वाहून गेलेला नवरा दर श्रावणात ओल्या पावलांनी उंबऱ्याशी येतो. दुसरीच्या कथेत लग्नाची इच्छा राहून गेलेला पिंपळावरचा मुंजा गावातल्या मास्तरणीवर जीव लावून बसतो. पाच जणींच्या कथांचे एक पुस्तक करून ते इंटरनेटवरच्या दुकानात आपले आपणच विक्रीस ठेवायचे, असा त्यांचा बेत ठरला. त्याआधी ती मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "अण्णा, पैसे आले तर ते पाच जणींत कसे वाटायचे, तेवढे एका कागदावर लिहून द्या." आम्ही हसलो. म्हणालो, "अगं, भुतांच्या गोष्टींचा कसला आलाय करारनामा? आधी विकू तर दे!"

पुस्तक विकले गेले. फार नव्हे, वर्षभरात साडेचार हजार रुपये आले. ते एकीच्याच खात्यावर आले, कारण दुकानाचे खाते तिच्याच नावाचे होते. टाइप करणे, शुद्धलेखन तपासणे, मुखपृष्ठ जुळवणे ही कामे दुसरीने केली होती. तिला वाटले, आपला वाटा अधिक. तिसरीचे नाव 'जागा पुरली नाही' म्हणून मुखपृष्ठावरून गळले होते. सहा महिन्यांत पाच जणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे करार लिहीत आलेल्या माणसाने तो एक कागद लिहिला नाही, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. म्हणून आम्ही वाचू लागलो, आणि वाचता वाचता ध्यानात आले की, हे भांडण दोनशे वर्षांचे जुने आहे.

माणूस आणि अमानव यांच्या प्रेमाची गोष्ट आपल्याला मुळीच नवी नाही. ऋग्वेदातला पुरूरवा राजा उर्वशीसाठी विलाप करतो, तो मर्त्याचा अप्सरेसाठी केलेला विलाप आहे. परंतु चार लेखक एकत्र बसून, ठरवून अशा कथा लिहितात आणि मग त्या बाजारात जातात, त्याचा पहिला गाजलेला प्रसंग युरोपातला. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्या राखेने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच हिरावून घेतला. १८१६ च्या जून महिन्यात जिनीव्हा सरोवराच्या काठी, दिओदाती नावाच्या बंगल्यात, कवी बायरन, त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि तिची सावत्र बहीण क्लेअर ही मंडळी पावसामुळे घरात कोंडली गेली. त्यांच्या हाती जर्मन भूतकथांचे एक फ्रेंच भाषांतर पडले. त्यात मेलेल्या वाग्दत्त वधूचीही एक कथा होती. ते वाचून बायरनने सुचवले की, आपणही प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी.

मेरीने लिहिली ती 'फ्रँकेन्स्टाइन'. १ जानेवारी १८१८ रोजी तिच्या पाचशे प्रती निघाल्या, पण त्यावर लेखिकेचे नाव नव्हते. ते १८२३ च्या आवृत्तीवर आले. हे पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला ओढ लागली ती डॉक्टर पोलिडोरीची. बायरनने एक कथा सुरू केली आणि कंटाळून सोडून दिली. तिचा धागा उचलून पोलिडोरीने रक्तपिपासू उमरावाची कथा रचली. वरून सभ्य आणि देखणा, आतून मेलेला असा हा प्रियकर. आजच्या भूतप्रेमकथांतले अर्धे नायक याच्याच वंशातले. १८१९ च्या एप्रिलमध्ये ही कथा लंडनच्या एका मासिकाने छापली, आणि तीवर नाव घातले बायरनचे! बायरनचे नाव विकत होते, डॉक्टरचे कोणी ओळखत नव्हते. बायरनने ही कथा आपली नव्हे असे कळवले, पोलिडोरीने आपली आहे असे कळवले. तोवर मासिक खपून गेले होते. कथा युरोपभर गेली, तिची भाषांतरे झाली, नाटके झाली. पोलिडोरीच्या हातावर तीस पौंड पडले. १८२१ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला.

पाच माणसांनी एका खोलीत बसून केलेले काम होते हे. त्यांच्यात कोणी कोणाचा वैरी नव्हता. तरीही कोणी काय केले याचा कागद नव्हता, म्हणून ज्याचे नाव मोठे त्याच्याकडे श्रेय ओढले गेले. पाण्याला उताराकडे जायला कोणी सांगावे लागत नाही, तसेच हे.

यानंतर चाळीस वर्षांनी चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकांकडे वळू. विलायतेत नाताळच्या रात्री शेकोटीभोवती भूतकथा सांगण्याचा प्रघात होता. डिकन्सने त्याचा नाताळ अंक केला. मधली चौकट त्याची, आणि आतील कथा निरनिराळ्या लेखकांच्या, अशी ती रचना. १८५९ साली प्रकाशकांशी बिनसले तेव्हा त्याने 'ऑल द इयर राउंड' हे स्वतःच्या मालकीचे साप्ताहिक काढले, आणि त्याच वर्षीच्या नाताळात 'झपाटलेले घर' या अंकासाठी विल्की कॉलिन्स, एलिझाबेथ गॅस्केल, ॲडलेड प्रॉक्टर, हेस्बा स्ट्रेटन व जॉर्ज सेला यांच्याकडून कथा घेतल्या. म्हणजे लेखक स्वतःच छापखान्याचा धनी झाला. परंतु आत नाव छापले जाई ते संचालक म्हणून डिकन्सचे. बाकीच्यांच्या कथा निनावी. लेखक मालक झाला म्हणजे मालकी बदलते. मालकीची रीत बदलतेच असे नाही. सहकारी संस्थांचे राजकारण ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे अधिक सांगणे नको.

त्यातही एक बाई ताठ राहिली. १८५२ च्या नाताळ अंकासाठी गॅस्केलबाईंनी एका म्हाताऱ्या दाईच्या तोंडी भूतकथा घातली. दोन बहिणींचे एकाच परदेशी गवयावर प्रेम जडते, त्यातून मत्सर होतो, आणि एक आई आपल्या मुलीसह हिमात घराबाहेर काढली जाते. त्या पापाचे भूत घराला छळत राहते. शेवटी ती भुते घरातल्या सर्वांना दिसतात. डिकन्सला वाटले, ती एका लहान मुलीलाच दिसावीत. त्याने पुन्हा पुन्हा सुचवले. बाईंनी शेवट बदलला नाही, आणि कथा त्यांच्याच मनासारखी छापून आली. संपादकाचे म्हणणे ऐकून घेऊन 'नाही' म्हणता येते, याचा हा लहानसा पण मोलाचा दाखला होय.

आता आपण अमेरिकेत आणि आपल्या काळात येऊ. तिथे भूतप्रेमकथेचे पीक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढले. १९६६ ते १९७१ या काळात 'डार्क शॅडोज' नावाच्या दूरदर्शन मालिकेत एक रक्तपिपासू घराघरांत पोचला. २००५ साली स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' आली आणि शाळकरी मुलगी व रक्तपिपासू तरुण यांच्या प्रेमाने बाजार व्यापला. लिहिणाऱ्या बहुतेक बाया होत्या, वाचणाऱ्याही बहुतेक बाया. म्हणूनच शिष्ट समीक्षकांनी या लेखनाला हिणवले. बायांच्या कामाला कमी लेखण्याची आणि कमी मोजण्याची सवय विडीच्या कारखान्यापुरती नाही, हे आम्ही येथे शिकलो.

१९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉन कंपनीने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले, आणि त्याबरोबरच कोणाही लेखकाला आपले पुस्तक आपणच विक्रीस ठेवण्याची सोय केली. ना छापखाना, ना कागद, ना प्रकाशकाच्या जिन्यावरचे हेलपाटे. २०१० च्या जूनअखेर कंपनीने नवा भाव लावला: २ डॉलर ९९ सेंट ते ९ डॉलर ९९ सेंट किंमत ठेवल्यास लेखकाला ७० टक्के, त्याहून स्वस्त विकल्यास ३५ टक्के. प्रकाशकाकडून ई-पुस्तकाच्या निव्वळ उत्पन्नाचे २५ टक्के मिळत, त्या तुलनेत ही दिवाळीच होती.

त्या दिवाळीतला सर्वांत मोठा आकाशकंदील म्हणजे मिनेसोटा राज्यातील ॲमँडा हॉकिंग. अपंगांची शुश्रूषा करणारी ही सव्वीस वर्षांची मुलगी. प्रकाशकांनी तिची हस्तलिखिते वारंवार परत केली होती. एप्रिल २०१० मध्ये, शिकागोचे एक प्रदर्शन पाहायला तीनशे डॉलर हवेत एवढ्यासाठी, तिने आपल्या भूतप्रेमकादंबऱ्या किंडलवर टाकल्या. वर्षभरात लाखो प्रती विकल्या गेल्या. मार्च २०११ मध्ये तिने एका मोठ्या प्रकाशनसंस्थेशी वीस लाख डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते तिने दिलेले कारण. मुखपृष्ठे, तपासनीस, पत्रव्यवहार यांतच आठवडा जातो. मला लेखक व्हायचे आहे, असे तिचे म्हणणे. म्हणजे प्रकाशक गेला तरी प्रकाशकाचे काम गेले नव्हते. ते लेखिकेच्या अंगावर आले होते, आणि त्याची मजुरी कोणी धरीत नव्हते.

ज्यांच्या दारी वीस लाख डॉलर आले नाहीत, त्यांनी या ओझ्यावर जो उपाय काढला तो आम्हांला फार ओळखीचा वाटला. त्या एकत्र आल्या. एक जण दुसरीचा मजकूर तपासणार, दुसरी मुखपृष्ठ करणार, तिसरी हिशेब पाहणार. आणि सर्वांच्या कथा एका गठ्ठ्यात बांधून विकायच्या. प्रत्येकीचे वाचक इतरांच्या ओळखीचे होतात, हा त्यातला मोठा लाभ. २०१३-१४ च्या सुमारास दहा-बारा लेखिकांचे असे गठ्ठे ९९ सेंटांना निघू लागले आणि वर्तमानपत्रांच्या खपाच्या याद्यांवर चढू लागले. यादीत नाव आले की जन्मभर ते मिरवता येते. पण हिशेब करून पाहा. ९९ सेंटांचे ३५ टक्के म्हणजे सुमारे ३५ सेंट. लेखिका दहा असतील तर प्रत्येकीला एका प्रतीमागे साडेतीन सेंट. आणि तेही कंपनी देते एकाच खात्यावर. पुढची वाटणी, त्यावरचा कर, उशीर आणि संशय, हे सारे त्या दहा जणींनी आपापसांत निस्तरायचे. आमच्या कचेरीतल्या पाच मुलींचे भांडण अमेरिकेत आधीच होऊन गेले होते!

आता भावाची गोष्ट. जुलै २०१४ मध्ये ॲमेझॉनने महिन्याच्या वर्गणीवर हवी तितकी पुस्तके वाचण्याची योजना काढली. स्वतः प्रकाशन करणाऱ्याला तीत यायचे तर ते ई-पुस्तक, नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने, दुसऱ्या कोणत्याही दुकानात विकायचे नाही, ही अट. मोबदला एका सामाईक निधीतून. वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की एक वाचन धरले जाई, आणि एका वाचनामागे लेखकाला सव्वा-दीड डॉलरच्या आसपास मिळत. कथा तीस पानांची असो की कादंबरी चारशे पानांची, पैसे तेवढेच. साहजिकच लघुकथेला बरे दिवस आले, आणि भूतप्रेमाच्या छोट्या कथा भराभर निघू लागल्या. मोठ्या कादंबऱ्या लिहिणारे कुरकुरू लागले. त्यांचीही तक्रार खोटी नव्हती.

१ जुलै २०१५ पासून कंपनीने नियम बदलला. यापुढे वाचलेल्या पानांवर पैसे. पानामागे दर पडला अर्ध्या सेंटच्या आसपास. म्हणजे तीस पानांच्या कथेला पूर्ण वाचल्यावर सुमारे पंधरा सेंट. काल जिथे सव्वा डॉलर होता तिथे आज त्याचा आठवा हिस्सा. कथा तीच, मेहनत तीच, वाचकही तोच. शिवाय हा दरही ठरलेला नाही. महिना संपल्यावर कंपनी निधीचा आकडा जाहीर करते, आणि मग पानाचा भाव कळतो.

विडीच्या धंद्यात हजारी भाव असतो. हजार विड्यांमागे इतके रुपये. तो कमी असेल, त्यातून छाट काढून ठेकेदार पिळत असेल, पण भाव काय ते सकाळी पान भिजवताना बाईला ठाऊक असते. आधी विड्या वळा, भाव महिनाअखेर सांगू, असे म्हणणारा ठेकेदार आम्ही अजून पाहिलेला नाही. शिवाय विडीच्या भावासाठी संप करता येतो. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. अमेरिकेतली स्वतः छापणारी लेखिका मात्र कायद्याने कामगार नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. अशा व्यावसायिकांनी एकत्र येऊन भाव ठरवू म्हटले, तर मक्तेदारीविरोधी कायदा त्यांच्याच अंगावर येऊ शकतो. छोट्या कारागिरांना मक्तेदारापासून वाचवायचा कायदा कारागिरांनाच एकत्र येऊ देत नाही, याहून मोठी भूतकथा आम्हांला सुचणार नाही.

तर मग एकत्र येणे निरर्थक झाले काय? नाही. २०१८ सालचा एक प्रसंग ऐका. एका लेखिकेने 'कॉकी', म्हणजे तोऱ्यात वागणारा, हा साधा रोजचा शब्द प्रेमकथांच्या मालिकेसाठी आपला व्यापारी शिक्का म्हणून नोंदवून घेतला आणि आपल्या शीर्षकात तो वापरणाऱ्या इतर लेखिकांना नोटिसा धाडल्या. एकट्यादुकट्या लेखिकेला वकील परवडत नाही. काहींनी घाबरून पुस्तकांची नावे बदलली. तेव्हा प्रेमकथा लिहिणाऱ्या पुष्कळ जणी पुढे सरसावल्या आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एक सामाईक कथासंग्रह स्वतःच प्रकाशित केला. शीर्षकात तोच शब्द मुद्दाम घातला, आणि उत्पन्न या लढ्यासाठी ठेवले. लेखकांच्या संघटना मदतीला आल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने त्या लेखिकेला मनाईहुकूम नाकारला, आणि पुढे तिने तो शिक्का सोडून दिला. या कथा भुतांच्या नव्हत्या, साध्या प्रेमाच्या होत्या. पण लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या बाया एकाच आळीतल्या. भाव ठरवता आला नाही, तरी शब्द राखता आला. त्यांनी संप केला नाही. त्यांनी पुस्तक काढले. आमच्या हत्यारांत या हत्याराची नोंद आम्ही करून ठेवली आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्ही काय घेतले? प्रकाशक नाहीसा झाला म्हणून लेखक मोकळा होत नाही; पुस्तकाचा तो मालक होतो, पण भाव दुसऱ्याच्या हाती राहतो. त्या भावाशी झुंजायचे तर सोबत हवी. आणि सोबत टिकायची तर हिशेब आधी हवा. प्रेमाने एकत्र आलेल्या माणसांत कागद कशाला, असे म्हणणारा माणूस नकळत बळकटाची बाजू घेतो. दिओदाती बंगल्यात प्रेम भरपूर होते.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही त्या पाचही जणींना कचेरीत बोलावले. चौघी आल्या. आधी आम्ही त्यांची माफी मागितली. मग एका पानाचा कागद लिहिला: खाते कोणाच्या नावाचे, हिशेब दर तिमाहीला सर्वांनी पाहायचा, टंकलेखन व मुखपृष्ठ यांचा मोबदला आधी काढून मग उरलेल्याचे समान वाटे, प्रत्येकीचे नाव तिच्या कथेवर आणि मुखपृष्ठावरही, आणि सोडून जाणारीला आपली कथा सोबत नेण्याचा हक्क. जिचे नाव गळले होते ती आली नाही. तिच्या वाट्याचे नऊशे रुपये आणि त्या कागदाची प्रत आम्ही स्वतः तिच्या घरी नेऊन दिली. तिने पैसे घेतले, कागद वाचला आणि पाणी विचारले. लिहिण्याचे नाव काढले नाही. मुंजाची कथा तिचीच होती, आणि आमच्या मते पाचांत तीच सर्वांत चांगली होती.

नव्या पुस्तकात चार कथा आहेत. पाचवीची जागा त्यांनी ठेवली आहे.